प्रवासातली चार्जिंग केबल: कोकणातल्या एका उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर

माझ्या विजेवरच्या गाडीबरोबर, टाटा नेक्सॉन ईव्हीबरोबर आलेली १५ अँपिअरची केबल घरी पार्किंगमध्ये कायमची टांगलेली असते. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. प्रवासासाठी मात्र मी दुसरी घेतली, कारण आमचं जाणं-येणं पुण्याहून दापोली-गुहागरकडे, आणि मुक्काम नातेवाइकांकडे नाहीतर एखाद्या घरगुती निवासात. वाटेतल्या फास्ट चार्जरला सीसीएस-२ची (फास्ट चार्जिंगच्या जोडणीचा प्रकार) गन, म्हणजे गाडीत खुपसायचं टोक, मशीनलाच जोडलेली असते, तिथे आपली केबल लागत नाही. आपली केबल लागते ती रात्री, दुसऱ्याच्या घरी. म्हणून हा अनुभव जितका केबलचा, तितकाच त्या घरांतल्या वायरिंगचा आहे.

नव्या केबलमध्ये मला हव्या होत्या तीन गोष्टी: ६, १०, १३ आणि १५ अँपिअर असा करंट निवडता यावा, प्लगमध्येच तापमान मोजणारा सेन्सर असावा आणि किती युनिट गेले ते केबलच्या मधल्या कंट्रोलच्या डब्यावर दिसावं. यांतली करंट निवडायची सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडली. लोक म्हणतात, १५ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालतो तर गाडी का नाही चालणार? गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढाच, किंबहुना थोडा जास्त भार रात्रभर, न थांबता ओढते. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल असल्या की उष्णता तिथेच साठते. एका जुन्या घरात पंधरावर लावल्यावर अर्ध्या तासात प्लगला हात लावून ठेवता येईना. सेन्सरने आपणहून करंट उतरवला. सकाळी पाहिलं तर सॉकेटच्या फेजच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटलेलं.

तेव्हापासून अनोळखी घरात मी दहावरच लावतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५ ऐवजी १० घेतले की सांध्यावरची उष्णता निम्म्याहूनही कमी होते. वेळ वाढतो, पण रात्र आपलीच असते. ३०.२ किलोवॅट-अवरची (म्हणजे तितक्या युनिटची) बॅटरी २० टक्क्यांवर असताना रात्री नऊला लावली, तर सकाळी सात-आठपर्यंत नव्वदीला पोचते.

पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, विहिरीच्या पंपाची लाइन कुठून येते?" बहुतेक ठिकाणी ती मीटरजवळून स्वतंत्र आणलेली असते, जाड वायरची आणि वेगळ्या एमसीबीवर (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण). पडवीतल्या किंवा खोलीतल्या सॉकेटपेक्षा ती कधीही भरवशाची. मोबाइल-मिक्सरच्या छोट्या सॉकेटला मोठी पिन जोडून देणारे जे स्वस्त कन्व्हर्टर दुकानात मिळतात, ते गाडीसाठी कधीच वापरू नका, सहा अँपिअरवरसुद्धा नाही.

आता अर्थिंग. कोकणात खरी अडचण हीच. केबल सुरू होण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते नीट नसेल तर लाल दिवा लावून थांबते. एप्रिल-मे महिन्यात जांभा खडखडीत कोरडा होतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. एका घरी लाल दिवा जाता जाईना. काकांनी खळ्याच्या कोपऱ्यातला तो मीठ-कोळशाचा खड्डा दाखवला, आम्ही त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, जरा वेळ मुरू दिलं आणि दिवा हिरवा झाला. पावसाळ्यात त्याच घरी एकदाही अडलं नाही. अर्थात पाणी ओतणं ही त्या रात्रीपुरती सोय. काकांनी नंतर वायरमन बोलावून खड्डा नव्याने भरून घेतला, आणि त्याचा फायदा त्यांच्या गीझरला, फ्रिजलाही झाला.

ऑनलाइन एक छोटा प्लग मिळतो, जो न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडून केबलला फसवतो. कळकळीने सांगतो, तो घेऊ नका. वाटेत कुठे न्यूट्रल तुटली, किंवा त्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले, तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. शेजारी पोरं अनवाणी खेळत असतात. लाल दिवा लागला आणि उपाय होत नसेल, तर सरळ जवळचा फास्ट चार्जर शोधावा. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवरही केबल बहुतेक वेळा नकारच देते, तिथे हट्ट करू नये.

अडॅप्टरमध्ये कामाला आला तो निळा, तीन पिनांचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग. मंगल कार्यालयं, वर्कशॉप आणि भारत एसी-००१ या मानकाचे जुने चार्जर, इथे हेच निळे सॉकेट असतात. घट्ट बसतं, सैल पट्ट्यांची काळजी नाही. टाइप-२ ते टाइप-२ केबल (दोन्ही टोकांना गाडीच्या साध्या, एसी चार्जिंगची जोडणी असलेली) मात्र आपल्याकडे फारशी लागत नाही. जर्मनीत राहणारी माझी मावसबहीण ती कायम डिकीत ठेवते, कारण तिकडच्या अनेक चार्जिंगच्या खांबांवर नुसतं सॉकेट असतं.

एक्स्टेंशन तांब्याच्या ४ चौरस मिलिमीटर वायरचं घेतलंय आणि ते पूर्ण उलगडूनच वापरतो. हिशेब सोपा आहे: २५ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून १५ अँपिअर गेले की वायरीत साधारण ८० वॅट उष्णता तयार होते. पसरलेल्या वायरीत ती जाणवत नाही, रिळावर गुंडाळलेली असेल तर इन्सुलेशन वितळू लागतं. पावसात गाडीकडच्या गनची भीती नसते, तीन पिनांचा प्लग आणि एक्स्टेंशनचा सांधा सांभाळायचा. मी तो वळचणीच्या आत, स्टुलावर ठेवतो.

पैशांबद्दलही लिहितो. घरगुती मीटरला महावितरणचे टप्पे असतात, १०० युनिटनंतर दर एकदम चढतो. आपल्या एका रात्रीच्या वीस-बावीस युनिटांमुळे यजमानांचं महिन्याचं बिल वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. म्हणून डब्यावरचा आकडा त्यांना दाखवून वरच्या टप्प्याच्या दरानेच पैसे देतो. बहुतेकांना आधी संकोच वाटतो, पण पुढच्या वेळी "गाडी पंपाजवळ लावा" असं वहिनी स्वतःच सांगतात.

केबलचा एक दोष मात्र मोठा आहे. वीज जाऊन आली की निवडलेला करंट ती विसरते आणि थेट १५ वर चालू होते. कोकणात पावसाळ्यात रात्रीतून वीज दोन-तीनदा जाते, आणि दहावर ठेवलेली गाडी पहाटे पंधरावर चालताना सापडते. सेन्सर आहे म्हणून निभावतं, पण झोप लागत नाही. विक्रेत्याला कळवलं, तर अपडेट नाही असं उत्तर आलं. तुम्ही घेताना दुकानातच करंट दहावर ठेवून, गाडीला लावून, भिंतीवरचं बटण बंद-चालू करून पाहा. परत दहावरच आली तरच घ्या.