महालातलं जुनं घर की मनीषनगरचा फ्लॅट?

आईबाबांसाठी घर घ्यायचं म्हणून आम्ही नागपुरात महिनाभर दोन्हीकडे फिरलो. महाल या जुन्या वस्तीतलं घर दुमजली, नुकतंच दुरुस्त केलेलं. वरच्या माडीला वेगळा जिना, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वेगळं वीजमीटर. खाली आईबाबा, वर आम्ही, किंवा भाडेकरू. फ्लॅटमध्ये ही सोय होणं कठीण.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा जाड विटांच्या भिंतीआड दुपार सुसह्य जाते. पण चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आत अडकते. म्हणून ताज्या रंगाला भुलू नका. एक पावसाळा गेल्यावर घर पाहा, सागवानी तुळयांची टोकं कुजली आहेत का ते टोचून पाहा. आखीव पत्रिकेवर (शहरातल्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) सगळ्या वारसांची नावं जुळतात का, हे वकिलाकडून तपासाच.

फ्लॅटला लिफ्ट, पार्किंग आहे, जयप्रकाशनगर मेट्रो स्टेशन जवळ आहे. शिवाय रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. जुन्या घराला असं संरक्षण नाही.

तरी माझा कौल महालाला. बाबांचे गुडघे दुखतात, आणि तिथे अंगणात उतरायला फक्त एक पायरी आहे.