फोन, इअरबड्स, प्लॅन आणि गाणी एकाच गाठोड्यात: नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांपूर्वी जुन्या फोनची बॅटरी फुगली, मागचं कव्हर उचललं गेलं आणि नवा फोन घेणं भाग पडलं. घाईत घेतला. ऑफर अशी होती: फोन, त्याच कंपनीचे इअरबड्स, एका मोबाइल कंपनीचा पोस्टपेड प्लॅन आणि त्या प्लॅनवर वर्षभर एका म्युझिक ॲपचं प्रीमियम. वस्तू चार, बिल एक. वेगवेगळं घेण्यापेक्षा स्वस्त पडत होतं, म्हणून फार खोलात गेले नाही.

नावं मुद्दाम लिहीत नाही. यातली कुठलीच गोष्ट एकटी घेतली तर वाईट नाही. फोन चांगला आहे, ॲप चांगलं आहे, नेटवर्क ठीकठाक. डोक्याला ताप झाला तो सगळा दोन कंपन्यांच्या मधल्या फटीत.

आधी जमेची बाजू. इअरबड्सची डबी फोनजवळ उघडली की स्क्रीनवर खालून एक कार्ड वर येतं, एकदा हो म्हटलं की जोडणी झाली. कानातला एक काढला की गाणं थांबतं, परत घातला की पुढे सुरू. लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकाच वेळी जोडलेले राहतात, त्यामुळे मीटिंग संपून गाणं लावताना ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये हात घालावा लागत नाही. या एका सोयीसाठी मी बरंच काही माफ केलं आहे. पहिले दोन महिने तर भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होते. बाबांनाही सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, ते त्यांच्या पथ्यावर पडलं.

बाबांचा फोन दुसऱ्या कंपनीचा. तेच इअरबड्स त्यांच्या फोनला जोडून पाहिले. वाजतात, पण ना कार्ड येतं, ना बॅटरी नीट दिसते, ना आवाजाची पट्टी बदलता येते. म्हणजे कानात घालायच्या वस्तूचे अर्धे गुण खिशातल्या फोनच्या कंपनीवर अवलंबून. ब्लूटूथ सगळ्यांचं सारखं असतं ही माझी समजूत तिथेच गळून पडली.

आता आवाज. प्लॅनच्या जाहिरातीत 'लॉसलेस', म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळलेलं, हा शब्द सर्वात मोठ्या अक्षरांत होता. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ॲप तो न बिघडवता दाबून फोनपर्यंत आणतं, इथवर सगळं खरं. पण फोनपासून कानापर्यंतचा शेवटचा हातभर रस्ता ब्लूटूथचा, आणि तिथे आवाज पुन्हा दाबला जातो. कसा आणि किती, ते कोडेक, म्हणजे आवाज दाबण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत, ठरवते. एसबीसी हा कोडेक सगळ्यांनाच येतो, चांगल्या दर्जासाठी त्याचा नेहमीचा वेग ३२८ किलोबिट. सोनीचा एलडीएसी ९९० पर्यंत जातो, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तो अँड्रॉइडमध्येच आलेला आहे. पण तो इअरबड्सनाही यावा लागतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे खाली ब्लूटूथ ऑडिओ कोडेक अशी ओळ आहे. माझ्याकडे तिथे दोनच नावं उजळ दिसली, एसबीसी आणि एएसी. बाकी सगळी करडी.

म्हणजे एका भागीदाराने लॉसलेस विकलं आणि दुसऱ्याने ते कानापर्यंत पोचवूच न शकणारे इअरबड्स त्याच ऑफरमध्ये दिले. हसावं की रडावं कळेना. अर्थात, घर एकच असलं तरी हे होतं. ॲपलने जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकवर लॉसलेस आणलं तेव्हा त्यांच्याच एअरपॉड्सवर ते वायरलेस ऐकता येत नव्हतं.

हट्टाने एका मैत्रिणीचे एलडीएसीवाले हेडफोन आठवडाभर मागून आणले. घरी झकास. गर्दीच्या स्टेशनवर ९९० वर ठेवले तर गाण्याला उचकी लागल्यासारखं झालं. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि तिथे शेकडो लोकांचं तेच चाललेलं. वेग ३३० वर उतरवला की गाणं सुरळीत, मग एवढा खटाटोप कशाला? शेवटी वायरवर आले. माझ्या फोनला हेडफोनचं भोक नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ते गेलं, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी चेष्टा केली आणि नंतर गपचूप तेच केलं. यूएसबी-सीचं पहिलं कनेक्टर आणलं ते मुकंच निघालं. काही फोन त्या वायरीतून थेट आवाज बाहेर काढतात, काहींना कनेक्टरमध्येच डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ऐकू येणारा आवाज करणारी चिप, लागतो. माझा दुसऱ्या जातीचा. डॅकवालं घेतल्यावर रात्री, पंखा बंद करून, झांज वाजून गेल्यावर तिचा विरत जाणारा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. तेवढा फरक मला जाणवतो. चालताना, प्रवासात, भांडी घासताना अजिबात जाणवत नाही, आणि नव्वद टक्के गाणी मी तेव्हाच ऐकते.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. ३२० किलोबिटला तासाचे साधारण १४४ एमबी जातात, ९६ ला ४३. म्हणजे चांगल्या आवाजात गाणं ऐकायला सेकंदाला एक मेगाबिटचा तिसरा हिस्साही लागत नाही. गाण्यांसाठी ५जी घ्या असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. गाणं अडतं ते वेग कमी पडल्यामुळे क्वचितच. बोगद्यात किंवा धावत्या गाडीत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना नेट मध्येच तुटतं म्हणून अडतं. त्यावर उपाय एकच, डाउनलोड करून ठेवणं. आणि इथेच घोडं पेंड खातं.

सहाव्या महिन्यात कामासाठी जास्त डेटा हवा होता म्हणून त्याच मोबाइल कंपनीचा वरचा प्लॅन घेतला. वरच्या प्लॅनमध्येही तेच प्रीमियम होतं, त्यामुळे गाण्यांचा विचार मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर रेल्वेचा आठ तासांचा प्रवास. दीड तासाने नेटवर्क गेलं, मी ॲप उघडलं तर डाउनलोड केलेली सगळी गाणी करडी. एकावर टॅप केलं, खाली पट्टी आली की हे ऐकायला प्रीमियम लागेल.

बाबा म्हणाले, "अगं, लाव ना काहीतरी."

"गाणी आहेत बाबा, पण वाजत नाहीत."

"आहेत म्हणजे फोनमध्येच आहेत ना?"

"हो."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. डाउनलोड या शब्दाने आपली दिशाभूल होते. फोनमध्ये उतरते ती कुलूपबंद फाइल, आणि किल्ली सदस्यतेबरोबर येते नि जाते. चालू सदस्यतेतसुद्धा ॲपला अधूनमधून नेटवर येऊन हजेरी लावावी लागते. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा. माझ्या बाबतीत जुना प्लॅन रात्री बंद झाला, त्याच्याबरोबर जुनं प्रीमियम गेलं. नव्या प्लॅनचं प्रीमियम आपोआप सुरू होत नाही, एसएमएसमधल्या लिंकवर जाऊन सुरू करावं लागतं. तो एसएमएस जाहिरातींच्या ढिगात पडून होता.

घरी पोचल्यावर लिंक उघडली. पहिल्या वेळी माझं खातं मोबाइल नंबर आणि ओटीपीवर झालं होतं. या वेळी लिंकने ई-मेल विचारला, मी दिला, आणि दुसरंच खातं तयार झालं. कोरं. पाच-सहा महिन्यांत जमवलेल्या याद्या, लाइक केलेली गाणी, सगळं जुन्या खात्यात. मोबाइल कंपनीला फोन केला: "मॅडम, प्रीमियम आमच्याकडून ॲक्टिव्ह दिसतंय, खात्याचं ॲपवाल्यांना विचारा." ॲपवाल्यांच्या चॅटवर उत्तर: सदस्यता भागीदारामार्फत घेतलेली आहे, ती या खात्यावरून त्या खात्यावर आम्हाला हलवता येत नाही. फोनच्या कंपनीला विचारायचं कारण नव्हतं, तरी विचारलं. त्यांनी ॲप काढून परत टाकायला सांगितलं, पण ते फोनबरोबर आलेलं असल्यामुळे काढताच येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतं. ही टोलवाटोलवी अकरा दिवस चालली. शेवटी मोबाइल कंपनीचा मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. याद्या मी हाताने परत केल्या, दोन रविवार घालून.

खरं तर ऑफर घेतानाच मला मोटोरोलाचा रॉकर आठवायला हवा होता. सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोला आणि ॲपलने मिळून काढलेला, आयट्यून्स हे ॲपलचं गाण्यांचं सॉफ्टवेअर असलेला फोन. मेमरी कार्डात जागा कितीही असो, गाणी शंभरच बसत. त्याच कार्यक्रमात ॲपलने गाणी ऐकायचा स्वतःचा छोटा प्लेअर, आयपॉड नॅनो, दाखवला, मग रॉकरकडे कोण बघणार? एका भागीदाराचं मन दुसरीकडे असलं की वस्तू कशी होते, ते त्या फोनने दाखवलं. २००८ चं नोकियाचं 'कम्स विथ म्युझिक' माझ्या ऑफरच्या जास्त जवळचं होतं: फोनबरोबर वर्षभर हवी तेवढी गाणी उतरवा, वर्षानंतरही ती तुमचीच. फक्त त्या फोनशी आणि एका संगणकाशी बांधलेली. फोन बदलला की 'तुमचीच' या शब्दाला अर्थ उरत नव्हता. तरी आजच्यापेक्षा बरं म्हणायचं, वर्ष संपल्यावर निदान वाजत तर होती.

मोबाइल कंपन्या यात का पडतात, हे मला आता बऱ्यापैकी उमगलंय. स्वीडनमध्ये तेलियाने २००९ मध्ये स्पॉटिफायशी आणि फ्रान्समध्ये ऑरेंजने २०१० मध्ये डीझर या म्युझिक ॲपशी जोडी जमवली, तेव्हापासूनचं गणित तेच आहे. कॉल आणि डेटा सगळ्यांकडे सारखाच, मग ग्राहक दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्याच्या आवडीची एखादी गोष्ट प्लॅनला बांधायची. ॲपला पैसे देणारे ग्राहक आयते मिळतात. फोनवाल्याला ॲप पहिल्या पानावर ठेवण्याचा मोबदला मिळतो. तिघांचं भलं होतं, आणि माझंही होतं, जोवर मी कुठे हलत नाही तोवर. मी हलले, ते सुद्धा त्याच कंपनीतल्या त्याच कंपनीत, तर हा घोळ. नंबर पोर्ट केला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

अशा जोड्या टिकतातच असंही नाही. तैवानच्या एचटीसी या फोन कंपनीने ऑगस्ट २०११ मध्ये बीट्स या हेडफोनच्या कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला, आपल्या फोनमध्ये बीट्सचा आवाज म्हणून मिरवला आणि २०१३ पर्यंत सगळा हिस्सा परत विकून मोकळी झाली. पुढच्याच वर्षी ॲपलने बीट्स ३ अब्ज डॉलरना घेतली आणि तिच्या म्युझिक सेवेच्या पायावर २०१५ मध्ये ॲपल म्युझिक उभं केलं. ज्यांनी आवाजासाठी एचटीसी घेतला होता, त्यांच्या हातात फोनच्या पाठीवरचा लोगो उरला.

जाता जाता ज्या गोष्टीने मला सर्वात जास्त चिडवलं ती सांगते, कारण ती कुठल्याच परीक्षणात वाचली नव्हती. मधल्या त्या कटकटीला कंटाळून मी दुसरं एक म्युझिक ॲप टाकलं. स्क्रीन बंद झाली की दहा-पंधरा मिनिटांत गाणं थांबायचं. मला वाटलं ॲपच टाकाऊ. मग सेटिंगमध्ये बॅटरीच्या यादीत पाहिलं: ऑफरमधल्या ॲपपुढे 'निर्बंध नाही' असं आधीच लावून दिलेलं, आणि मी टाकलेल्या ॲपपुढे 'ऑप्टिमाइझ', म्हणजे बॅटरी वाचवायला फोन त्याला मागे चालू देत नाही. ते बदललं, त्या दिवसापासून गाणं एकदाही थांबलेलं नाही. कुणी कुणावर बंदी घातलेली नाही बरं का. फक्त एकाला सरळ रस्ता आणि दुसऱ्याच्या वाटेत खडे. डेटाच्या बाबतीत हीच चाल आधी उघडपणे खेळली गेली आहे: ठरावीक म्युझिक सेवांचा डेटा मोजायचाच नाही, जसं अमेरिकेत टी-मोबाइलने २०१४ मध्ये केलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा पर्यायांना नियमबाह्य ठरवलं. बॅटरीच्या सेटिंगवर मात्र कुणी खटला भरलेला माझ्या पाहण्यात नाही.

तर सध्या माझी व्यवस्था अशी. फोन तोच, इअरबड्स तेच, रोजच्या वापराला ते खरोखर छान आहेत. प्लॅन परत खालचा घेतला, प्रीमियमशिवाय. म्युझिक ॲपचे पैसे थेट त्या ॲपला, खातं स्वतःच्या ई-मेलवर, पासवर्ड स्वतःचा. थोडं महाग पडतं. ज्या पन्नासेक गाण्यांशिवाय माझं चालत नाही ती विकत घेऊन साध्या फाइल म्हणून मेमरी कार्डावर ठेवली आहेत. आयट्यून्सने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढल्यापासून विकतची गाणी बहुतेक ठिकाणी बिनकुलपाचीच मिळतात. ऑफर घ्यायचीच असेल तर पहिल्या दिवशी एवढं बघा की खातं कशावर उघडतंय, नंबरवर की ई-मेलवर. नंबरवर असेल तर त्यात लगेच ई-मेल जोडा. बाकीचं नंतर निस्तरता येतं.

जुनं खातं अजून जिवंत आहे. दर शुक्रवारी त्याचा मेसेज येतो, तुमच्या आवडीनुसार नवी गाणी तयार आहेत म्हणून. परवा सहज उघडून पाहिलं, यादी खरंच चांगली होती. तिसऱ्या गाण्याच्या आधी त्याच मोबाइल कंपनीच्या त्याच ऑफरची जाहिरात लागली.