युनियनच्या निवडणुकीत उमेदवाराने सभासदांची यादी कचेरीत पाहावी की आपलं प्रचारपत्रक युनियनमार्फत सभासदांना पाठवावं?

1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 20 ने सभासदाला नियमात ठरलेल्या वेळी यादी पाहण्याचा हक्क दिला होता; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. प्रत देण्याचा उल्लेख त्या कलमात नव्हता.

जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यापुरती युनियन असेल तर पाहणी पुरते. नावावर बोट ठेवत जायचं. वर्गणी थकलेले, नोकरी सोडलेले, दोनदा आलेले टिपायचे. हरकत मतदानाआधीच लेखी द्यावी, नंतर ती रडारड ठरते.

भुसावळ रेल्वे विभागात सभासद चाळीसगावपासून खंडव्यापर्यंत पांगलेले. तिथे नुसतं पाहून काय करणार? पत्रकं युनियनने पाठवावीत, टपालखर्च उमेदवाराचा, हे बरं. गोम एकच: पदाधिकाऱ्यांचा गठ्ठा आधी निघतो, विरोधकाचा कपाटात राहतो. म्हणून दोन्ही एकाच दिवशी, पोस्टाच्या पावतीसह. मोबाइल नंबर मात्र कुणालाच देऊ नयेत. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरतात.