कूलंट टँकमधला हीटर: दिवाळीपासून जूनपर्यंतचा अनुभव

नाशिकमध्ये कूलंट, म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडतात ते तेल मिसळलेलं पाणी, गोठत नाही, हे आधीच सांगून टाकतो. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आली की तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण आमच्या अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीच्या पहाटेही टँक दहा-बारा अंशांवर असतो. मग हीटर कशाला, असं शेजारच्या शेडवाल्याने विचारलंच.

कारण आहे सकाळी मशीनवरून निघणाऱ्या पहिल्या पीसेसचं. आमच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) ॲल्युमिनियमची हाउसिंग्ज होतात, बोअर म्हणजे आतलं गोल भोक १०० मिमी, टॉलरन्स एच७. म्हणजे सगळी मिळून ३५ मायक्रॉनची मोकळीक. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. थंड कूलंटखाली बारा अंशांवर कापलेला बोअर दुपारी बावीस अंशांवर मोजला की २३ मायक्रॉन मोठा निघणार. निम्म्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या थंडीनेच खाल्ला. ऑपरेटर सकाळी ऑफसेट (टूलच्या मापात दुरुस्ती) देतो, अकरा वाजता काढतो, आणि मधल्या पीसेसवरून क्वालिटीवाल्यांशी वादावादी होते. स्टीलवाल्यांना हा त्रास निम्माच, कारण स्टील साडेअकरा मायक्रॉनच वाढतं. त्यांनी हे वाचून लगेच खर्चात पडू नये.

घेतला तो लोकल मेकचा एक किलोवॅटचा हीटर. स्टेनलेस रॉड, डिजिटल थर्मोस्टॅट, सोबत पातळी खाली गेली की हीटर बंद करणारा फ्लोट स्विच, पाच हजारांच्या आत. आमचा टँक २०० लिटरचा. तेवढं पाणी दहा अंश तापवायला हिशोबाने २.३ युनिट लागतात, पण पातळ पत्र्याच्या टँकमधून उष्णता निसटत राहते, त्यामुळे तीनच्या आसपास धरा. टायमर पहाटे चारला लावला की सातच्या शिफ्टला टँक वीसवर तयार.

पण नुसता हीटर टाकून भागत नाही. पाणी हललं नाही तर रॉडजवळ गरम, खाली थंड, आणि सेन्सर बसला असेल तिथलाच आकडा दाखवणार. म्हणून हीटरसोबत एक छोटा पंप फिरता ठेवला. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात खरी कमाई त्या पंपाची आहे. सोमवारी शेड उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा जो वास यायचा तो बराच कमी झाला. तो वास हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचा. सुट्टीत पाणी स्थिर राहतं, वर मशीनच्या सरकत्या भागांच्या स्लाइडवे ऑइलचा तवंग साचतो, ऑक्सिजन आत जात नाही, की त्यांचं फावतं. पाणी फिरतं राहिलं आणि बेल्ट स्किमरने तवंग उचलला की पीएचही नवाच्या आसपास टिकतो.

त्याच कारणाने थर्मोस्टॅट वीसच्या वर नेऊ नका. हीटर आला तेव्हा त्यावर ३५ सेट होतं, म्हणजे जिवाणूंसाठी अगदी मऊ गादी. कूलंट कोमट हवं, गरम नको.

आता तक्रारी. रॉडवर चिकट पिवळसर थर बसतो, कारण कमी लांबीच्या रॉडमध्ये जास्त वॅट कोंबलेत आणि तेल त्याच्यावर भाजून निघतं. वर ॲल्युमिनियमची बारीक पूड साचते. रॉड दर महिन्याला काढून पुसावाच लागतो. पुन्हा घ्यायचा झाला तर लांब रॉडचा घेईन, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. फ्लोट स्विच बुरादा अडकून वरच राहिला होता. पातळी खाली गेली असती तर रॉड उघडा पडून तापत राहिला असता. आता त्याला जाळीचा पिंजरा केलाय, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. आरसीसीबीशिवाय हा हीटर लावूच नका.

हिवाळ्यात कूलंट नव्याने बनवताना एक गोष्ट लक्षात आली. थंड बॅरलमधलं तेल मधासारखं जड येतं आणि थंड पाण्यात नीट विरघळत नाही, वर गुठळ्या तरंगतात. आता टँक वीसवर आणून मगच तेल घालतो. पाण्यात तेल, उलटं कधीच नाही. बॅरल फरशीवर न ठेवता शेडमध्ये लाकडी पॅलेटवर ठेवतो.

लेहकडे किंवा काश्मीरमध्ये वर्कशॉप असेल तर मात्र मामला वेगळा. सहा-आठ टक्के तेलाचं हे मिश्रण जवळजवळ पाण्याइतक्याच तापमानाला, शून्याच्या किंचित खाली गोठतं. त्यातलं तेल त्याला वाचवत नाही. एकदा गोठलं की तेल आणि पाणी फुटून वेगळं होतं आणि वितळल्यावर पूर्वीसारखं जुळेल याची खात्री नसते. तिथे टँकला थर्माकोल आणि आठ-दहा अंशांवर थर्मोस्टॅट एवढं पुरेसं आहे. गाडीचं अँटीफ्रीझ ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एथिलिन ग्लायकॉल विषारी, आणि ऑपरेटरचे हात दिवसभर त्याच पाण्यात असतात.

मार्च लागला तसा हीटर काढून कपाटात टाकला. उन्हाळ्यात प्रश्न नेमका उलटा होतो. पाणी उडून जातं, तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा चढतो, बोअरवेलच्या पाण्यातले क्षार टँकमध्येच उरतात. तेव्हा टॉप-अप आरओच्या पाण्यात एक-दीड टक्का तेल घालून करतो. पंप आणि स्किमर मात्र बारा महिने चालू.

ॲल्युमिनियमचं बारीक टॉलरन्सचं काम सकाळच्या शिफ्टला असेल तर हीटर घ्या. बाकीच्यांनी आधी पंप आणि स्किमर लावावा. आणि पैसे वाचवायला बादलीत पाणी तापवायचा रॉड टँकमध्ये सोडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. त्याला थर्मोस्टॅट नसतो, आणि पहाटे चार वाजता शेडमध्ये बघायला कुणी नसतं.