ड्युरांटा : कात्री आवरली तरच मणी

दुभाजकात किंवा सोसायटीच्या गेटपाशी चौकोनी कापलेला पिवळ्या पानांचा ड्युरांटा सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला फुलं-फळं येतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, कारण माळी ती येऊच देत नाही. मी घेतला तो हिरव्या पानांचा, जांभळ्या फुलांना पांढरी किनार असलेला. आता दुसरा पावसाळा सरलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

नर्सरीत कुठे ‘इरेक्टा’ तर कुठे ‘रेपेन्स’ अशी चिठ्ठी असते. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ही दोन्ही नावं दिली, पुढे झाड एकच ठरलं. त्यामुळे नावासाठी जास्त पैसे मोजू नका, फुलाचा रंग बघून घ्या.

फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. सारखे शेंडे उडवले की झुडूप गच्च होतं, पण बोडकं राहतं. मी थंडी संपता संपता एकदाच सणसणीत छाटणी करते, मग वाढेल तसं वाढू देते. माणसापेक्षा उंच जातं, फांद्या कमानीसारख्या झुकतात, जागा तेवढी हवी. आणि ऊन हवंच. शेजारच्या काकूंनी माझ्याकडचीच फांदी नेऊन उत्तरेच्या भिंतीला लावली. पानं झकास, फुलांचा पत्ता नाही.

मण्यांचं, म्हणजे फळांचं, कौतुक मात्र करावं तेवढं थोडं. घोसाच्या वरच्या बाजूचे मणी पिकून नारिंगी झालेले असतात, तेव्हा खालच्या टोकाला अजून फुलं उमलत असतात. एखादा मणी हातात घेऊन पाहा : टोकाला बारीक वाकडी चोच दिसेल. फुलाचा तळचा पेला गळत नाही, फळाभोवती वाढत जातो आणि शेवटी टोकाशी मिटतो. आपल्याला दिसतो तो रंग त्या पेल्याचा. घोस आठवडेच्या आठवडे टिकतात, बुलबुल उतरले नाहीत तर.

बुलबुलांना चालतात म्हणून आपल्याला चालतील असं नाही. फळं आणि पानं विषारी आहेत. ती खाऊन मुलं, कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. नातू यायचा असला की त्याच्या हाताला लागतील ते घोस मी आधीच उतरवते. रांगतं मूल किंवा दिसेल ते चावणारं कुत्रं घरात असेल, तर हे झाड घेऊच नका. नर्सरीवाल्याने मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

बाकी लाड नाहीत. पावसाआधी शेणखत, उन्हाळ्यात आळं भरून पाणी. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसला होता. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून फवारलं, आटोक्यात आला. जुन्या फांद्यांना काटे असतात, छाटताना जाड हातमोजे घाला. पावसाळ्यात फांदी खोचली तरी मुळं धरते.

झाड मूळचं मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेकडचं. पक्ष्यांनी बी पसरवल्यामुळे ऑस्ट्रेलियात आणि हवाई बेटांवर ते तण म्हणून डोकेदुखी झालंय. माझ्याही कंपाउंडबाहेर दोन-चार रोपं उगवली, ती उपटून टाकली. आहे ते झाड ठेवणार, दुसरं लावणार नाही. मागच्या कोपऱ्यात कामिनी लावायचं ठरलंय. तिला वास आहे आणि लाल फळंही.