पिशवीचं ऑपरेशन: चार स्टार, पाचवा फॉर्मपायी अडलाय

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, तेव्हा कुणाचा हात कसा चालतो हे मला न सांगता दिसतं.

वय ४६. वर्षभर अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ८ वर आलं. आधी ज्या दवाखान्यात गेले, तिथे सोनोग्राफी बघून "पिशवी काढू, बीजकोशही काढू, नाहीतर कॅन्सर होईल" म्हणत थेट तारीखच दिली. माझं माहेर बीडचं. २०१९ साली सरकारी समितीने तिथल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मी चपला घातल्या आणि इथे आले.

इथल्या मॅडमनी आधी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो चांगला आला. मग सहा महिने पिशवीत हार्मोनवाली टी, कॉपर टीसारखी दिसणारी. तिने फरक पडेना तेव्हा कुठे ऑपरेशनचा विषय निघाला, तोही शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन ११ वर आणल्यावर. बीजकोश ठेवले. "चांगले आहेत, मग कशाला हात लावायचा?" इतकंच म्हणाल्या.

ऑपरेशन पोटावर टाका न घालता, खालून. भूल पाठीतली, त्यामुळे मी जागी. नाव काय, कशाचं ऑपरेशन, कसली ॲलर्जी, हे सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागलेच. ती सुरक्षित ऑपरेशनसाठीची जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची यादी, हे मागाहून मुलीने सांगितलं. शेवटी मोजणी ऐकू आली. रक्त टिपायचे मॉप सगळे आले, सुई एक कमी. मॅडम थांबल्या. कुणी आवाज चढवला नाही. पाचेक मिनिटांनी सुई हिरव्या कापडाच्या घडीत सापडली. दुकानात सुई हरवली तर मीही सापडेपर्यंत गिऱ्हाइकाला कपडा देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढून चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट मागायला न लावता हातात दिला. बिल सांगितल्यापेक्षा चार हजारांनी वाढलं, ते असो.

राग आहे तो फॉर्मचा. घरी सोडताना भरून घेतात. चहा गरम होता का, चादर बदलली का, पार्किंग मिळालं का! मला नवव्या दिवशी ताप आला, लघवीला जळजळ. घराजवळच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरी झाले. इथल्या कागदावर मात्र मी ठणठणीत. ऑपरेशननंतर महिन्याभरात किती जणींना त्रास होतो, असं मॅनेजरना विचारलं, तर त्यांनी मोबाइलवर ४.८ रेटिंग दाखवलं.

सहा आठवड्यांच्या तपासणीला मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. महिन्याने प्रत्येकीला फोन करायला एक सिस्टर नेमा. पाचवा स्टार मी त्याच दिवशी देते.