मुलांना राज्यांची ओळख करून द्यायला नकाशा की चित्रपत्ते?

आमच्या इंदूरच्या घरात जेवायच्या जागेसमोर मध्य प्रदेशाचा नकाशा टांगलाय. पोळी खाता खाता लेक अमरकंटकपासून नर्मदेवर बोट फिरवते. बडवानीपुढे नदी नकाशाबाहेर गेली की लगेच, "आई, पुढे कुठे?" मग गुजरात, भडोच, समुद्र... भाजी गार होते ती वेगळीच. (आजोबांचा जुना नकाशा मात्र काढून ठेवला, त्यात रायपूरही आपल्यातच! छत्तीसगड 2000 साली वेगळं झालं.)

राज्यप्राणी, राज्यपक्षी, राज्यवृक्ष यांचे चित्रपत्ते प्रवासात बरे. बारशिंगा, दूधराज, वड इथले. शेकरू, हरियाल, आंबा आजोळच्या महाराष्ट्राचे. जोड्या पटकन पाठ होतात. पण बारशिंगा राहतो कुठे विचारलं की गप्प! कान्हाचं जंगल दाखवायला पुन्हा भिंतीपाशीच जावं लागतं. एकच घ्यायचं तर मी नकाशाच घेईन.